भिंतीला फिका जांभळा

रंगाला नेमके नाव नसले की दुकानात मोठी पंचाईत होते. जांभळ्यात पुष्कळसा पांढरा आणि थोडा गुलाबी मिसळला म्हणजे जो मवाळ रंग तयार होतो, त्याला रंगाचा दुकानदार 'मॉव्ह' म्हणतो. वर्गातले माझे कानडी मित्र त्यालाच 'तिळि नेरळे' म्हणतात, आणि आई 'फिका अंजिरी' म्हणते. माझ्या धाकट्या बहिणीला गुंजीच्या आमच्या घरातील माजघर याच रंगाचे हवे आहे. पैशांचा हिशेब माझ्याकडे असल्याने मी या विषयात जरा खोल शिरलो.

'मॉव्ह' हे नाव जगभर झाले ते विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलामुळे. १८५६ साली तो डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून हिवतापावरचे क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन काही झाले नाही, पण त्या गाळातून रेशमावर बसणारा जांभळा रंग निघाला. भिंतीची गोष्ट निराळी. चुना तीव्र क्षारयुक्त असतो, त्यात सगळेच रंग टिकत नाहीत. गेरू, पिवळी माती आणि नीळ टिकतात, म्हणून जुन्या घरांतून तेच दिसतात. तरीही चुन्यात गेरू व नीळ बेताने एकत्र केली तर एक धुरकट अंजिरी छटा मिळते, हे हौशी माणसाने ध्यानात ठेवावे.

आता आमचे माजघर. खिडक्या दोन, पण उजेडाची एकच. दुसरी पडवीत उघडते. खाली तांबडा कोबा, दरवाजा फणसाच्या लाकडाचा. बाहेर झाडी इतकी, की पावसाळ्यात खिडकीतून येणारा उजेडसुद्धा हिरवट असतो. हिरवा हा जांभळ्या-गुलाबीचा विरोधी रंग. अशा उजेडात दुकानातल्या कार्डावरचा गोड रंग घरी राखाडी दिसू लागतो. रात्री पिवळसर दिव्याखाली तोच तांबूस होतो, आणि पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली निळसर. म्हणून दोन फूट चौरस पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो सकाळी, दुपारी व दिवेलागणीला वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहावा. कार्डाचा इवलासा तुकडा पाहून चार भिंतींचा निर्णय घेणे म्हणजे नमुना न पाहता माल उचलणे.

शेजारचा रंगही फसवतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासणीअंती दोष धाग्यात नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्यांना तसे भासत होते. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथच लिहिला. हाच नियम आमच्या कोब्याला लागू पडतो. तांबड्याशेजारी जांभळ्यातील तांबडेपणा मारला जातो व तो थंड, निळसर दिसतो. तेव्हा तांबड्या जमिनीच्या घरात मुळातच गुलाबीकडे झुकणारी छटा घ्यावी. राखाडी फरशी असेल तर निळसर छटाही चालेल. जोडीला साईचा रंग उत्तम. निव्वळ पांढरा फार कडक वाटतो. पितळेची भांडी व हळदी रंगाचा पडदा मात्र खुलून दिसतो, कारण पिवळा हाच जांभळ्याचा खरा जोडीदार. चारही भिंती, छत आणि पडदे सगळेच जांभळे करणे मला तरी मिठाईच्या खोक्यासारखे वाटते.

पण आमच्याकडे खरा प्रश्न सौंदर्याचा नाही. आई याच खोलीत ब्लाउज शिवते. रंगीत भिंतीवरून परतणारा उजेड तोच रंग कापडावर टाकतो, आणि दोऱ्याची छटा जुळवताना घोटाळा होतो. गिऱ्हाइकाच्या मोरपंखी कापडाला भलताच दोरा लागला तर मजुरी गेलीच. बहिणीचा हट्ट आणि आईचा धंदा यांत तडजोड अशी ठरली: उजेडाच्या खिडकीची व तिच्या समोरची अशा दोन भिंती साईच्या रंगाच्या, उरलेल्या दोन फिक्या अंजिरी. शिलाई यंत्र खिडकीशीच राहील. छत पांढरे.

हिशेबही देतो. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. चार भिंतींचे ४४० चौरस फूट. एक दरवाजा व दोन खिडक्या मिळून ४५ वजा जाता ३९५. दोन हातांसाठी एका लिटरला साधारण १२० चौरस फूट धरले तर सव्वातीन लिटरच्या वर थोडे. आमच्या अंजिरी भिंती १२ फुटी बाजूच्या नसून १० फुटी आहेत, म्हणजे दोन्ही मिळून २०० चौरस फूट. दोन लिटरमध्ये भागते. मात्र यंत्रावर मिसळलेला रंग एकाच वेळी घ्यावा, कारण पुन्हा आणलेला डबा तंतोतंत जुळेलच असे नाही.

आणि घाई नको. गुंजीचा पाऊस भिंतीत मुरतो. ओल असताना रंग दिला की पोपडे सुटतात आणि लोणा वर येतो. जांभळ्यावर तो पांढरा डाग पांढऱ्या भिंतीपेक्षा जास्त उठून दिसतो. गणपतीपूर्वी उरकण्याची आपल्याकडे रीत आहे, पण आम्ही दिवाळीनंतरचा कोरडा पंधरवडा धरला आहे. बहिणीने पुठ्ठा रंगवून माजघरात उभा केला आहे. तो रोज एका नव्या भिंतीला टेकलेला असतो.