श्रावण आपला, मनीचा नव्हे!

घरात मांजर असेल तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. एरवी बिनतक्रार चाललेला मांजराच्या रेतीचा ट्रे पावसाळ्यात एकाएकी नकोसा होतो. दारातून आत पाऊल टाकलं की भपकारा येतो. दोष पावसाला दिला जातो, नाहीतर मांजराला. खरं कारण बहुतेक वेळा मांजराच्या ताटलीत असतं.

आमच्या हिंदमाता-परळ-लालबाग भागाचंच उदाहरण घ्या. वर्षभर इथल्या चाळींतली मांजरं मासळीवर पोसलेली असतात. मांदेली, बोंबील साफ करून झाले की डोकी-शेपट्या मनीच्या वाट्याला. पण जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. ताजी मासळी महागते आणि डब्यातले सुके बोंबील, जवळा बाहेर येतात. मग श्रावण लागतो. सामिष स्वयंपाक बंद झाला की मनीच्या पुढ्यात दूध-पोळी येते. म्हणजे दोन-तीन महिन्यांत तिचं जेवण दोनदा बदललं, आणि तेही एका रात्रीत! त्यात बाहेर पाणी साचलेलं. एरवी मागच्या मोकळ्या जागेत विधी उरकणारं मांजर आता दहा बाय बाराच्या खोलीतच सगळं करतं. शेजारी नाकाला पदर लावतात, कुरबुर सुरू होते, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी मांजराला पोत्यात घालून लांबच्या बाजारात सोडून येतं. असं सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही नसते.

पोटात होतं तरी काय?

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर निभावून नेईल, मांजर नाही. त्याच्या आतड्यातले जंतू रोजच्या अन्नाला सरावलेले असतात. अन्न अचानक बदललं की ते नीट पचत नाही. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, कुजतो. शी पातळ होते आणि तिला उग्र वास येतो.

‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पीत असेल, पण मोठ्या मांजराला ते सहसा पचत नाही! पिल्लू आईचं दूध सोडतं, तशी दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होत जाते. मग पोट गुबारतं, जुलाब होतात. दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराचा ट्रे घाण वास मारतो, त्यात नवल ते काय!

सुक्या मासळीची गोष्ट निराळी. तिच्यात मीठ फार. ती द्यायचीच तर भिजवून, पाणी दोनदा बदलून, उकडून चिमूटभर द्यावी. ताजी मासळीही शिजवलेलीच बरी. काही कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. आपल्या कालवणातला तुकडा मात्र देऊ नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक आहेत. शिजवलेली हाडं आणि काटेही काढूनच टाका.

मग श्रावणात काय?

व्रत आपलं आहे, मनीचं नव्हे. तिच्या शरीराला ‘टॉरिन’ नावाचा घटक लागतो आणि तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवलं की त्याने हृदयही दुबळं होतं. म्हणून ज्या घरात महिनाभर सामिष शिजत नाही, तिथे तयार कॅटफूड हा सोयीचा मार्ग. वेगळा डबा, वेगळी ताटली, गॅलरीचा कोपरा. सासूबाईंचंही मन राखलं जातं आणि मनीचं पोटही!

फक्त बदल हळूहळू करा. हिशेब सोपा आहे:

पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुनं अन्न, एक भाग नवं. पुढचे दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं. नंतरचे दोन-तीन दिवस एक भाग जुनं, तीन भाग नवं. सात ते दहा दिवसांत बदल पुरा होतो. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. श्रावण कधी लागतो हे कॅलेंडरवर आधीच दिसतं, तेव्हा आठवडाभर आधी सुरुवात करा.

कोरडं खाणं सुरू केलंत तर पाण्याची वाटी दोन ठिकाणी ठेवा. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि तिचा झणझणीत वास वाढतो. बोक्याच्या लघवीचा उग्र दर्प मात्र जेवणाने जात नाही. त्याला नसबंदी हाच उपाय.

ट्रेची निगा

दोन-तीन इंच रेती पुरे. सकाळ-संध्याकाळ शी काढा, आठवड्याला ट्रे साबण आणि गरम पाण्याने धुऊन वाळवा, तळाला थोडा खाण्याचा सोडा भुरभुरवा. फिनेल मुळीच वापरू नका, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. ब्लीचिंग पावडरही नको, कारण लघवीशी मिसळून तिचा विषारी वायू होतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं आणि रोज करावं. मांजराच्या शीतून पसरणारा एक जंतू गर्भाला बाधतो, पण शी पडल्यावर तो बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो.

डॉक्टर कधी?

शीत रक्त दिसलं, ती डांबरासारखी काळी झाली, जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत, किंवा अन्न हळूहळू बदलूनही दुर्गंधी राहिली, तर जंत किंवा दुसरा आजार असू शकतो. दोन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजरापुढे चालत नाही. आणि बोका ट्रेमध्ये कुंथत बसला, लघवी होत नसली, तर त्याच दिवशी, लगेच न्या.

आपल्या भागाचं भाग्य असं की लांब जावं लागत नाही. परळला आचार्य दोंदे मार्गावर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे. जुनी माणसं त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’च म्हणतात. तिथेच १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना शीचा नमुना छोट्या झाकणाच्या डबीत न्या आणि गेल्या पंधरा दिवसांत काय-काय खायला घातलं ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

मुकं जनावर तक्रार सांगू शकत नाही. त्याचा ट्रेच ती सांगतो. तेव्हा पुढच्या वेळी वास आला की पोतं शोधू नका, आधी ताटली पाहा.