महिला कबड्डी : मुंबई उपनगरातील मंडळे व स्पर्धा

महिला कबड्डी, मुंबई उपनगरातील : स्थानिक क्रीडामंडळांच्या आश्रयाने मुंबई उपनगर जिल्ह्यात खेळला जाणारा महिलांचा सांघिक मैदानी खेळ. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. भागांतील मंडळांचे संघ त्यात भाग घेतात. यूरोपात महिला हँडबॉलमध्ये क्लब हा जसा खेळाचा मूळ घटक असतो, तसा महाराष्ट्रात कबड्डीमध्ये ‘मंडळ’ हा मूळ घटक होय. खेळाडू प्रथम मंडळाची असते. नंतर ती जिल्ह्याची, राज्याची व देशाची होते.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी हुतूतू या नावाने रूढ होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५५ मध्ये कलकत्ता येथे महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. प्रारंभीच्या दशकांत महाराष्ट्राच्या महिला संघाने राष्ट्रीय स्पर्धांत मोठे वर्चस्व गाजविले. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव (बुवा) साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

मुंबईत कबड्डीचे माहेरघर म्हणजे गिरणगाव. चाळींच्या पटांगणांत व गल्ल्यांत हा खेळ वाढला, कारण त्यास साहित्य लागत नाही व जागाही थोडी पुरते. १९८२ च्या गिरणी-संपानंतर आणि घरांच्या वाढत्या किमतींमुळे अनेक मराठी कुटुंबे शहर सोडून उपनगरांत गेली. त्यांच्याबरोबर मंडळ काढण्याची रीतही गेली. गणेशोत्सव, व्यायामशाळा व कबड्डीचा संघ या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच मंडळाच्या छत्राखाली चालतात. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र महसुली जिल्हा झाला. अलीकडच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धांत उपनगराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग वेगळे संघ उतरवू लागले आहेत.

खेळाचे स्वरूप : महिलांचे क्रीडांगण १२ मी. लांब व ८ मी. रुंद असते (पुरुषांचे १३ मी. × १० मी.). मध्यरेषेने त्याचे दोन समान भाग होतात. संघात १२ खेळाडू असतात व त्यांपैकी ७ प्रत्यक्ष खेळतात. सामना प्रत्येकी १५ मिनिटांच्या दोन डावांत होतो व मध्ये ५ मिनिटांची विश्रांती असते. प्रौढ महिला गटात वजनाची मर्यादा ७५ किग्रॅ. आहे. चढाई करणारी खेळाडू ‘कबड्डी’ या शब्दाचा सलग उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरते. दम न सोडता व ३० सेकंदांच्या आत तिला किमान निदान रेषा ओलांडून परत यावे लागते. स्पर्श झालेली प्रत्येक बचावपटू बाद होऊन तेवढे गुण मिळतात. चढाई करणारी पकडली गेल्यास प्रतिपक्षाला गुण मिळतो. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडल्यास जादा गुण मिळतो. संपूर्ण संघ बाद झाल्यास ‘लोण’ चढतो व दोन जादा गुण दिले जातात. तीन किंवा त्यांहून कमी खेळाडूंनी केलेली पकड ही ‘अव्वल पकड’ होय. तिलाही एक जादा गुण असतो. या नियमामुळे मागे पडलेल्या संघाला शेवटच्या मिनिटांतही सामना फिरविता येतो.

हंगाम : पावसाळा संपून मैदान वाळले की हंगामास खरा रंग चढतो व तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो. या काळात दोन प्रकारच्या स्पर्धा चालतात. पहिला प्रकार मंडळांनी भरविलेल्या निमंत्रित स्पर्धांचा. त्या बहुधा संध्याकाळी, प्रकाशझोतात होतात. बाद पद्धतीमुळे एका पराभवाने संघाचे आव्हान संपते. दुसरा प्रकार अजिंक्यपद स्पर्धांचा. जिल्हा स्पर्धेत सर्व मंडळे उतरतात व त्यांतील कामगिरीवरून निवडसमिती जिल्ह्याचा संघ निवडते. जिल्हासंघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खेळतात आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ निवडला जातो. महात्मा गांधी, स्वराज्य व संघर्ष या उपनगरातील मंडळांची गाठ राज्यस्तरीय स्पर्धांत मुंबई शहरातील शिवशक्ती, पुण्यातील राजमाता जिजाऊ अशा मातब्बर महिला संघांशी पडते. पूर्वी सर्व सामने मातीवर होत. आता महत्त्वाचे सामने मॅटवर होतात. मॅटवर बूट घालावे लागतात व खेळाची गती वाढते. ज्या मंडळाकडे मॅट नाही, त्याच्या खेळाडूंना सराव मातीवर व स्पर्धा मॅटवर असा दुहेरी खेळ आत्मसात करावा लागतो.

यूरोपीय पद्धतीशी तुलना : यूरोपातील महिला हँडबॉल क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा १९६०-६१ पासून चालू आहे. १९९३-९४ मध्ये तिला चँपियन्स लीग हे स्वरूप आले. २०२०-२१ पासून १६ क्लब प्रत्येकी आठांच्या दोन गटांत खेळू लागले. गटातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा स्वतःच्या व एकदा त्याच्या गावी सामना होत असल्याने प्रत्येक क्लबला किमान १४ सामने मिळतात. उपान्त्य व अंतिम सामने २०१४ पासून बूडापेस्ट येथे एकाच आठवडाअखेरीस खेळविण्याची प्रथा पडली. मुंबईच्या मंडळाला असा निश्चित वेळापत्रकाचा आधार नाही. महिनोन्‌महिने सराव करूनही एखाद्या स्पर्धेत त्याच्या वाट्याला अर्ध्या तासाचा एकच सामना येऊ शकतो.

यूरोपीय क्लब खेळाडूंना वेतन देतो. मंडळ ते देऊ शकत नाही. त्यामुळे उपजीविकेसाठी खेळाडूला नोकरी पाहावी लागते. रेल्वे, पोलीस व बँका यांच्या भरतीत खेळाडूंना संधी असते. मात्र याच कारणाने गुणी खेळाडू राज्याचा संघ सोडून रेल्वेकडे जातात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर भारतीय रेल्वेची जी पकड बसली, तिचे मूळ येथे आहे. मंडळ खेळाडू घडविते, राज्य तिला गमावते आणि खेळाडूच्या घरी मात्र स्थिर उत्पन्न येते. यांतील शेवटची गोष्ट विसरून पहिल्या दोहोंबद्दल खंत करणे न्याय्य ठरत नाही. उलट, केवळ पैशाने क्लब चिरस्थायी होतो असेही नाही. २०२१, २०२२ व २०२३ अशी सलग तीन वर्षे चँपियन्स लीग जिंकणारा नॉर्वेचा व्हायपर्स क्रिस्तियानसान हा क्लब जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाला. वेतन नसलेले मंडळ वर्गणीवर व कार्यकर्त्यांच्या श्रमांवर का होईना, पण अनेक पिढ्या टिकू शकते.

आंतरराष्ट्रीय यश व व्यावसायिक लीग : आशियाई क्रीडास्पर्धांत महिला कबड्डीचा प्रवेश २०१० मध्ये ग्वांगजो येथे झाला. २०१० व २०१४ ची सुवर्णपदके भारताने मिळविली. २०१८ मध्ये जाकार्ता येथे इराणने भारताला २७–२४ असे हरविले; त्या इराणी संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन या होत्या. २०२३ मध्ये हांगजो येथे भारताने चिनी तैपेईवर २६–२५ असा विजय मिळवून सुवर्णपदक परत आणले. पाटणा येथे २०१२ मध्ये झालेला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघातील महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ व अभिलाषा म्हात्रे यांना राज्य शासनाने प्रत्येकी एक कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली व मुंबईचा ‘यू मुंबा’ हा संघ घरोघरी परिचित झाला. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा तिच्या जोडीने घेण्यात आली. तिच्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्‌सचा २४–२३ असा पराभव केला. तथापि हा उपक्रम पुढील वर्षी चालू राहिला नाही.

समस्या : उपनगरातील मोकळी मैदाने बांधकामांमुळे आकसत आहेत. शालेय व महाविद्यालयीन वयात खेळणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी शिक्षण, नोकरी वा विवाह यांमुळे खेळ सोडतात. रात्री उशिरा संपणाऱ्या सामन्यांनंतर लोकलने घरी परतणे हीही पालकांच्या काळजीची बाब असते. म्हणून अनेक मंडळांतून प्रशिक्षक वा ज्येष्ठ कार्यकर्ते मुलींना घरापर्यंत सोबत करतात. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणाने काहींना आधार दिला आहे. महिला कबड्डीचे भवितव्य मात्र मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून आहे : वस्तीजवळ सरावासाठी राखलेली जागा आणि एका पराभवाने न संपणारा, ठराविक सामन्यांचा हंगाम.