बारा सिलिंडर आणि आठ सिलिंडर

अमेरिकेंत मोटारसायकलींची एक शर्यत अशी आहे कीं, तिच्यांत वळण नाहीं, चढ नाहीं, फेरे नाहींत. सरळ, सपाट मार्गावर दोन गाड्या शेजारीं उभ्या करावयाच्या आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, अंतर कोण आधीं तोडतो तें पहावयाचें. हिला ड्रॅग रेस म्हणतात. दहा सेकंदांच्या आंतच सारा खेळ आटोपतो. परंतु तेवढ्यासाठीं एंजिन घडविणाऱ्यास महिनेच्या महिने खपावें लागतें.

१९६९ सालीं जपानच्या होंडा कारखान्यानें सीबी ७५० ही गाडी बाजारांत आणली. तिचें एंजिन ७३६ घन सेंटिमीटरचें आणि सिलिंडर एका ओळींत चार. एकच मोठा सिलिंडर कां नको, असें सहज मनांत येतें. सिलिंडरांतील दट्ट्या दर फेऱ्यास दोनदां थांबून उलट धांवतो. तो जितका जड, तितका हा हिसका त्याच्या दांड्यास जाचक. काम चौघांत वाटलें म्हणजे दट्टे हलके होतात, धांव आखूड होते आणि एंजिन अधिक वेगानें फिरवितां येतें. या एंजिनाच्या दट्ट्याची धांव ६३ मिलिमीटर आहे. मिनिटास ९००० फेरे धरले तर तो सेकंदास सरासरी १९ मीटर धांवतो!

रस कॉलिन्स या अमेरिकन शर्यतपटूनें असलीं तीन एंजिनें एकाच सांगाड्यांत एकामागें एक बसविलीं. सिलिंडर झाले बारा. त्या लांबलचक गाडीस 'ॲचिसन, टोपेका अँड सँटा फे' हें एका आगगाडी कंपनीचें नांव मिळालें, आणि तें शोभलेंही.

तीन एंजिनें एका चाकास जुंपणें हें तीन बैल एका जुंवाला जुंपण्यासारखें आहे. एक मागें राहिला तर तो ओढत नाहींच, उलट दुसऱ्या दोघांनाच त्याला ओढावें लागतें. म्हणून त्यांचे फिरते दंड परस्परांस पक्के जोडावे लागतात. ही सारी शक्ति शेवटीं एकाच क्लचांतून जाते, तेव्हां तोही तसाच खंबीर हवा. त्यांतून अशा गाड्यांचें इंधन साधें नसतें. पेट्रोलच्या एका किलोस जळण्याकरितां सुमारें १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो पुरते, कारण त्याचा बराचसा प्राणवायु त्याच्याच पोटांत असतो. सिलिंडरांत हवा मावते तेवढीच. तेव्हां तेवढ्याच श्वासांत कितीतरी अधिक इंधन जाळतां येतें. किलोमागें त्याची उष्णता पेट्रोलहून कमी, तरीही एकंदरींत शक्ति दुपटीहून अधिक मिळते. धोकाही अर्थातच त्याच प्रमाणांत!

या बारा सिलिंडरांनीं पाव मैल आठ सेकंदांच्या आंत तोडला. परंतु प्रत्येक नवें एंजिन शक्तीबरोबर आपलें वजनही आणतें, आणि तें वजनही त्याच शक्तीला ढकलावें लागतें. जोडांचीं व बिघाडाचीं ठिकाणें वाढतात, तीं वेगळींच. १९७६ सालीं ओहायो संस्थानांतील ॲक्रन येथें भर वेगांत ही गाडी कोसळली. कॉलिन्स जबर जखमी झाला.

बरा झाल्यावर त्यानें सिलिंडर वाढविले नाहींत. चार कमी केले. दोनच एंजिनें घेतलीं आणि त्यांस सुपरचार्जर जोडला. सुपरचार्जर म्हणजे एंजिनाचा भाताच. लोहार जसा भट्टींत वारा घालतो, तसा हा सिलिंडरांत हवा कोंबतो. आगाऊ हवा मिळाली कीं तिसऱ्या एंजिनाचें काम त्याचें वजन न वाहतां होतें. या गाडीचें नांव 'सॉर्सरर', म्हणजे जादूगार. तिनें पाव मैल ७.३० सेकंदांत तोडला. शेवटीं वेग ताशीं १९९.५५ मैल, म्हणजे ३२१ किलोमीटर होता. हा उच्चांक अकरा वर्षें टिकला.

वेग सारखा वाढत गेला असें मानून हिशेब केला तर प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापट भरतो. म्हणजे चालकास आपल्या वजनाच्या सव्वापट ओझें कोणी पाठीमागें खेंचीत आहे असें सात सेकंद भासणार. आणि तेवढ्या वेळांत त्याला मूठ धरून गाडीही सरळ ठेवावयाची असते.