कोलोनोस्कोपीची तयारी : औषध कोणतं आणि कधी घ्यायचं?

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. नाव ऐकलं की भीती वाटते, आणि त्याहून जास्त शरम वाटते. म्हणून आदल्या दिवशी घ्यायच्या जुलाबाच्या औषधाबद्दल आपले अम्मी-अब्बा डॉक्टरांना नीट विचारतच नाहीत. पण फळा पुसलेला नसेल तर त्यावर लिहिलेलं वाचता येत नाही, तसंच इथेही आहे. आतड्यात मळ राहिला तर त्याखालची छोटी गाठ, म्हणजे पॉलिप, दिसत नाही. काही पॉलिपचा पुढे कॅन्सर होतो. वेळीच दिसला तर तो बहुतेकदा त्याच तपासणीत काढता येतो.

यासाठी नेहमी दिली जाणारी औषधं तीन प्रकारची आहेत.

पहिलं, पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पीईजी). ही पावडर साधारण 2 लिटर पाण्यात मिसळतात. जुन्या पद्धतीत 4 लिटर प्यावं लागे. हे पाणी अंगात फारसं न शोषलं जाता आतडं धुऊन बाहेर पडतं. किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना बहुधा हेच देतात. अडचण एकच : प्यायला खूप, चव खारट. थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास घेतलं तर जातं.

दुसरं, सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम. औषध थोडंच असतं, पण सोबत पाणी भरपूर प्यावं लागतं. किडनी जास्त खराब असेल तर हे चालत नाही.

तिसरं, सोडियम फॉस्फेट. हेही थोडंच प्यावं लागतं, पण काही रुग्णांच्या किडनीला यामुळे इजा झाली. अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्ये याबद्दल कडक इशारा दिला. वयस्कर माणसं आणि किडनीचे रुग्ण यांनी डॉक्टरांना न विचारता हे घेऊच नये. घरगुती एरंडेल किंवा नुसता एनिमा यांवर ही तपासणी भागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. सगळं औषध आदल्या संध्याकाळी संपवण्यापेक्षा अर्धं संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं. दुसरा भाग तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचा. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडू लागलं की तयारी झाली. गढूळ पडत असेल तर हॉस्पिटलला फोन करा, लपवू नका.

आदल्या दिवशी मेथी, पालक, पेरू, तीळ, डाळी बंद. डॉक्टरांनी हलकं खायला परवानगी दिली असेल तर पांढरा भात, अंडं चालतं. त्यानंतर फक्त गाळलेली यखनी, बिनदुधाचा चहा, साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी. दूध नको, लाल किंवा जांभळं सरबतही नको; तो रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. डायबेटीसच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका.

तारीख रमजानमध्ये आली तर? रोजा ठेवून ही तयारी करता येत नाही. पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनने (सूरह बकरा, 184-185) दिलेली आहे. तपासणी ईदनंतर ढकलता येईल का, हे डॉक्टरच सांगतील. रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर स्वतःहून पुढे ढकलू नका.

रिपोर्ट हातात आला की त्यात ‘बोस्टन स्कोर’ लिहिलाय का बघा. आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी 0 ते 3 गुण असतात. प्रत्येक भागाला किमान 2 असतील तर तयारी पुरेशी होती. त्यापेक्षा कमी असतील तर ‘काही निघालं नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. तपासणी पुन्हा कधी करायची, हे त्याच दिवशी विचारून घ्या.