३५६ मैल

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळीधमक मोटार उभी आहे. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, सन १९१२. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ साली तिची मागणी नोंदवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले आणि गाडी आली ती त्यांचे चिरंजीव उस्मान अली खान यांच्या दाराशी. आमचं बीड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. या गाडीच्या किमतीत आमच्या बालाघाटावरच्या ज्वारीचाही सारा गेलेला आहे असं मी मानतो, आणि म्हणून ती बघायला हक्काने जातो.

लंडनच्या बार्कर कंपनीने तिची बॉडी बांधली. मागचं आसन सिंहासनासारखं उंच, वर घुमटासारखं छत, सोनेरी कलाकुसर. म्हणून तिचं नावच पडलं ‘थ्रोन कार’. ती निघायची समारंभापुरती. अनेक दशकांत ती जेमतेम ३५६ मैल धावली, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. बीडहून हैदराबादला जाऊन परत यायलाही एवढे मैल पुरत नाहीत! तिच्यासमोर उभं राहिलं की डोळे निवतात, आणि जीव हळहळतोही.

कारण याच जातीची दुसरी एक गाडी आपल्याच घाटांत घाम गाळून गेली आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची परीक्षा झाली. ६२० मैल आणि सहा डोंगरघाट. तीत उतरलेली सिल्व्हर घोस्ट ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणून ओळखली जाते. डांबरी रस्ता नाही, पुढच्या चाकांना ब्रेक नाहीत, आणि उताराला बाजूला दरी. ती गाडी जिंकली, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. बोर घाट, कात्रज, खंबाटकी ओलांडताना मला दर वेळी तिची आठवण येते. ब्रिटनमध्ये या जातीची आदल्याच वर्षी १५,००० मैलांची कसोटी झाली होती. तिथे ६२९व्या मैलाला धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली, म्हणून गाडी थांबली. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती बिघाडाने एकदाही थांबली नाही. निजामाच्या गाडीत त्याच घराण्याचं, ७,४२८ घनसेंटिमीटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन आहे. त्याच्या वाट्याला ३५६ मैल यावेत, हे मला आजही पटत नाही.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. बेन्झने पेटंट घेतलं १८८६ साली, मुंबईत पहिल्या मोटारी आल्या १८९८च्या सुमारास. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बस घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. बीड शहरात रेल्वे पोचली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ला. तोवर आमचं सगळं येणंजाणं रस्त्यानेच, म्हणून मोटारीचं वेड इथे हवेतच आहे.

आता माझ्या आवडीचा विषय: चाकं. त्या काळच्या बऱ्याच मोटारींची चाकं लाकडी असत, आणि लाकडी चाकाचं शास्त्र मी पुस्तकातून शिकलो नाही. अंबाजोगाईकडच्या एका वृद्ध सुताराकडून शिकलो. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवतीचे पाटे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. मोटारीच्या जुन्या चाकाचं चित्र दाखवल्यावर म्हातारबा म्हणाले, “ही तर आपलीच गाडी की मालक, नुसती धावेच्या जागी रबर हाय.” मग त्यांनी विचारलं, “उन्हाळ्यात काय करता हिला?” प्रश्न नेमका होता. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात लाकूड आटतं, आरे सैल होतात, चाक करकरतं. बैलगाडीचं चाक अशा वेळी डोहात टाकून ठेवत. लाकूड फुगून सांधे घट्ट बसत. मोटारीच्या चाकाला ही मुभा नाही. तुंब्याच्या पोलादी चकत्या आणि लोखंडी कडं पाण्याने गंजतं. त्यासाठी जवसाचं तेल. आऱ्यांच्या तोंडाशी थोडं थोडं मुरवत न्यायचं, मध्ये सुकू द्यायचं, पुन्हा मुरवायचं. चाक उचलून धरून आरे एकेक करून टिचकीने वाजवावेत. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द बोलतो. हा कान म्हातारबांनी मला दिला. आज ते ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे कुणी शिकायला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उभ्या गाडीचे हाल चालत्या गाडीपेक्षा जास्त. टायर एकाच जागी चेपतात, म्हणून ती घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवून ठेवावी. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोमधलं चुंबक वर्षानुवर्षांनी क्षीण होतं. क्लचच्या शंकूवरचं चामडं सुकून ताठ होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खातं, तेव्हा टाकी भरून ठेवू नये. आणि पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याची जी हौस असते, ती सर्वांत घातक. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ तेलात उतरते, गंज सुरू होतो. सुरू केली तर किमान अर्धा तास चालवावी.

कायद्याची अडचण आता फारशी नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, खाजगी वापराच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल, इंधन यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. वरातीला भाड्याने देण्यावर बंदी आली, हे मला मनापासून बरं वाटलं. फुलांच्या माळांखालचा रंग आणि चिकटपट्टीने निघालेली वार्निश मी पाहिली आहे.

रंगावरून आठवलं. चकचकीत नवा रंग म्हणजे जतन नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने ब्रशने चढवलेला थर एकदा घासला की कायमचा गेला. भेगा असल्या तरी चालतील, तो राहू द्यावा.

तुमच्या गावातल्या एखाद्या वाड्यात, कडब्याच्या गंजीमागे अशी गाडी निघाली, तर पहिल्या दिवशी हँडल मारू नका. आधी फोटो काढा, चासिसचा आणि इंजिनचा नंबर वहीत उतरवा, जुने कागद कपाटातून शोधून काढा. वाळवी कुठवर पोचली ते लाकडी सांगाड्याला बोटाने ठोकून पाहा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. मग प्लग बाहेरच ठेवून हँडल सावकाश फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा. सगळं मोकळं झाल्यावर टाकी धुऊन नवं पेट्रोल घाला, प्लग बसवा, ठिणगीची वेळ मागे घ्या. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीत वळवू नका. उलटा झटका बसला तर मनगट जातं. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही.