विश्लेषण : गूगलवरचा ‘पहिला क्रमांक’ नेमका कुठला? लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे ग्राहकांना का दिसत नाहीत?

‘तुमचे संकेतस्थळ गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देऊ’, अशी हमी देणारे फोन आणि संदेश लहान व्यावसायिकांना सतत येत असतात. ग्राहकाला थेट पेटी विकणारा कोकणातील आंबा बागायतदारही त्याला अपवाद नाही. पैसे भरले जातात, एखाद्या शब्दासाठी संकेतस्थळ वरही दिसू लागते. मात्र मागणी वाढत नाही. निकालांचे पान आता दुव्यांची साधी यादी राहिलेले नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. नकाशा, छायाचित्रे, व्हिडीओ, विक्रीच्या वस्तू आणि एआयने तयार केलेले उत्तर असे अनेक प्रकारचे निकाल तेथे दिसतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत.

निकालांचे पान कसे बदलत गेले?

गूगलने छायाचित्रांचा शोध २००१ मध्ये आणि नकाशे २००५ मध्ये सुरू केले. तेव्हा हे कप्पे वेगवेगळे होते. मे २००७ मध्ये ‘युनिव्हर्सल सर्च’ आले आणि छायाचित्रे, व्हिडीओ, बातम्या, नकाशे हे सारे मुख्य पानावरच दिसू लागले. नकाशासोबत दाखवल्या जाणाऱ्या स्थानिक व्यवसायांची संख्या २०१५ मध्ये सातवरून तीनवर आली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘एआय ओव्हरव्ह्यूज’ ही सुविधा भारतात इंग्रजी आणि हिंदीत सुरू झाली. त्यामुळे अनेक प्रश्नांची उत्तरे आता दुव्यांच्याही वर, तयार स्वरूपात मिळतात.

एकाच व्यवसायासाठी वेगवेगळे शोध कसे?

समजा, देवगडचा एक बागायतदार स्वतःच्या संकेतस्थळावरून हापूस विकतो. ‘हापूस पेटी भाव’ असे शोधणाऱ्यासमोर विक्रीच्या वस्तू, छायाचित्रे आणि किमती येतात. ‘जवळचे आंबा विक्रेते’ असे शोधणाऱ्याला नकाशा दिसतो. ‘अस्सल हापूस कसा ओळखायचा’ असे विचारणाऱ्याला व्हिडीओ किंवा तयार उत्तर मिळते. बागायतदाराचे किंवा त्याच्या बागेचे नाव टाकणाऱ्याला मात्र थेट संकेतस्थळ हवे असते. चारही जण त्याचे ग्राहक होऊ शकतात. त्याने सारा खर्च एकाच शब्दावर केला, तर उरलेले तिघे दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता अधिक.

नकाशातील निकाल कशावर ठरतात?

गूगलच्या म्हणण्यानुसार तीन गोष्टींवर : शोधाशी असलेला संबंध, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. या निकालांतील स्थान पैसे देऊन वर नेता येत नाही. जाहिरात वेगळी आणि ती तशी नमूद केलेली असते. येथे संकेतस्थळापेक्षा ‘बिझनेस प्रोफाइल’ महत्त्वाचे ठरते. ते मोफत असते. व्यवसायाचा योग्य प्रकार, अचूक पत्ता, चालू दूरध्वनी क्रमांक, खऱ्या वेळा आणि ताजी छायाचित्रे ही त्यातील मूलभूत कामे. बाग किंवा दुकान हंगामापुरतेच सुरू असेल तर तशी नोंद करावी, अन्यथा बंद दारावर आलेला ग्राहक तक्रार लिहून जातो. मात्र ग्राहकांशी प्रत्यक्ष भेट होतच नसेल, केवळ ऑनलाइन विक्री असेल, तर असे प्रोफाइल उघडता येत नाही.

प्रतिसादांच्या बाबतीत घाई अंगलट येऊ शकते. सवलत देऊन अभिप्राय लिहून घेणे गूगलच्या धोरणात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक तयार केले आहे. समाधानी ग्राहकाला पेटी पोहोचल्यावर अभिप्रायाची विनंती करणे आणि तक्रारीला नम्र उत्तर देणे, हा मार्ग संथ असला तरी टिकाऊ आहे.

छायाचित्रे, व्हिडीओ आणि वस्तूंचे निकाल कसे मिळतात?

छायाचित्रात काय आहे हे समजण्यासाठी शोधयंत्र भोवतालचा मजकूर, फाइलचे नाव आणि छायाचित्राला जोडलेले पर्यायी वर्णन यांचा आधार घेते. मोबाइलमधून आकडेरूपी नावानिशी चढवलेल्या छायाचित्रापेक्षा ‘पाच डझन देवगड हापूस पेटी’ असे वर्णन असलेले छायाचित्र सापडणे सोपे. व्हिडीओसाठी स्वतंत्र पान असावे आणि त्यावर व्हिडीओ हाच मुख्य भाग असावा.

किंमत, उपलब्धता, वजन या गोष्टी शोधयंत्राला स्पष्टपणे सांगण्यासाठी ‘स्ट्रक्चर्ड डेटा’ वापरतात. म्हणजे पानाच्या मागे ठरावीक साच्यात लिहिलेली माहिती. या साच्यांची सामायिक शब्दावली गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केली. ती योग्य भरली की निकालात किंमत किंवा ‘उपलब्ध’ असा शेरा दिसू शकतो. पण दिसेलच याची खात्री नसते. पानावर एक भाव आणि साच्यात दुसरा, असे मात्र होता कामा नये.

मराठी संकेतस्थळांची वेगळी अडचण कोणती?

अनेक मराठी संकेतस्थळांवर दरपत्रक, पत्ता, इतकेच काय संपूर्ण माहितीही चित्राच्या रूपात टाकलेली असते. ग्राहकाला ती वाचता येते, पण त्या शब्दांवरून पान सापडेल याचा भरवसा नसतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकुराचीही तीच गत : पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात निरर्थक इंग्रजी अक्षरे. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित केला, तर ही अडचण दूर होते. शिवाय मराठी ग्राहक कधी देवनागरीत, कधी इंग्रजीत, तर कधी रोमन लिपीतील मराठीत शोधतो. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी अशी दोन स्वतंत्र, नीट लिहिलेली पाने उपयोगी पडतात.

दुसरी चूक हंगामी व्यवसायांत होते. दरवर्षी नव्या पत्त्याचे नवे पान केले, तर जुन्या पानाने मिळवलेले दुवे आणि ओळख मागेच राहते. एकच कायमचे पान ठेवून त्यावरील भाव आणि तारखा बदलणे अधिक शहाणपणाचे.

एआय उत्तरांमुळे संकेतस्थळ निरुपयोगी ठरेल?

धोका खरा आहे. प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील ९०० अमेरिकी प्रौढांच्या वापराचा अभ्यास केला. एआय सारांश दिसला तेव्हा नेहमीच्या दुव्यांवर क्लिक होण्याचे प्रमाण ८ टक्के होते; सारांश नव्हता तेव्हा ते १५ टक्के होते. सारांशातील दुव्यावर तर केवळ १ टक्का वेळा क्लिक झाले. सर्वसाधारण माहिती देणाऱ्या लेखांना याचा फटका अधिक बसणे स्वाभाविक आहे. ‘हापूस म्हणजे काय’ याचे उत्तर कोणीही देऊ शकतो. ‘आमच्या बागेत यंदा तोडणी कधी, पेटी पुण्यात किती दिवसांत पोहोचेल, फळ खराब निघाले तर काय’ याचे उत्तर फक्त त्या बागायतदाराकडेच असते. अशा पहिल्या हाताच्या माहितीवर भर देणे हाच व्यवहार्य उपाय दिसतो. एआय निकालांसाठी वेगळी तांत्रिक युक्ती लागत नाही, असे गूगलनेही स्पष्ट केले आहे.

पहिल्या क्रमांकाच्या हमीवर विश्वास ठेवावा का?

नाही. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पानाच्या मागे दडवलेल्या ‘कीवर्ड’ टॅगचा क्रमवारीसाठी वापर करत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. तरीही त्यासाठी आजही पैसे घेतले जातात. सेवा घ्यायचीच असेल तर कोणत्या शोधासाठी, कोणत्या प्रकारच्या निकालात आणि कोणत्या शहरात, हे आधी लिहून घ्यावे. संकेतस्थळ आणि प्रोफाइलची मालकी व्यावसायिकाच्याच नावावर असावी. गूगलने प्रोफाइलसोबत दिलेली मोफत संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा केवळ त्यांवर विसंबलेल्यांना नवी जागा शोधावी लागली.

सुरुवात कुठून करावी?

‘सर्च कन्सोल’ या मोफत साधनात संकेतस्थळ कोणत्या शब्दांसाठी दिसले, किती क्लिक झाले हे कळते. तेथे मजकूर, छायाचित्रे आणि व्हिडीओ यांचे आकडे वेगवेगळे पाहता येतात. माहिती १६ महिन्यांची असल्याने यंदाच्या हंगामाची तुलना गेल्या हंगामाशी करता येते. नकाशावरून किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला हे प्रोफाइलमध्ये दिसते. त्याला एका जुन्या पद्धतीची जोड द्यावी : मागणी नोंदवणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ‘आमचा पत्ता कुठे मिळाला’ असे विचारून वहीत टिपणे. पुढच्या हंगामात पैसा कुठे घालायचा, याचा निर्णय या नोंदी आणि आकडे समोर ठेवून घेता येईल.