बेस बिघडवतात त्या भिंती

होम थिएटरचं खोकं घरी आलं की सबवूफर कुठे बसणार हे बहुतेक घरांत प्लग पॉइंट ठरवतो. टीव्ही युनिटच्या बाजूला, सोफ्याच्या मागे किंवा शोकेसच्या फटीत, जिथवर वायर पोचेल तिथे तो काळा ठोकळा जाऊन बसतो. आठवडाभरात कुरबुरी सुरू होतात. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याच्या छातीत धडधडतं, मधे बसलेल्याला बेस सापडत नाही, आणि काचेच्या कपाटातल्या बशा मात्र प्रत्येक ठोक्याला वाजतात. दुकानात तक्रार नेली तर उत्तर ठरलेलं: आठ इंची घेतलात, बारा इंची घ्यायला हवा होता. पण खोली आणि जागा तीच ठेवली, तर बारा इंची सबवूफर त्याच खोड्या आणखी मोठ्या आवाजात करेल.

याचं कारण तरंगलांबीत आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. बोलण्यातला 1000 हर्ट्झचा स्वर घेतला तर त्याची एक लाट फूटभराहून थोडी मोठी भरते. 40 हर्ट्झच्या खोल बेसची लाट मात्र साडेआठ मीटरहून लांब, म्हणजे जवळजवळ 28 फूट! आपल्या फ्लॅटचा हॉल एवढा लांब नसतोच. ही लाट भिंतीवर आपटते, परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळते. भिंतींमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढं असेल, तर खोलीत स्थिर तरंग उभा राहतो. पाण्याची बादली ठरावीक लयीत हलवली की पाणी दोन्ही कडांना उसळतं आणि मधे पातळी जवळपास तशीच राहते; तसाच इथे हवेचा दाब भिंतींपाशी जोरात चढतो-उतरतो आणि खोलीच्या मधोमध हा चढउतार जवळपास शून्य असतो. आयताकृती खोलीसाठी हे गणित लॉर्ड रेली यांनी 1877-78 मध्ये निघालेल्या ‘द थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथात मांडून ठेवलं आहे, तेही लाउडस्पीकर घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी.

आता 15 बाय 10 फुटांचा, साडेनऊ फूट उंचीचा हॉल घेऊ. लांबीमुळे पहिला स्थिर तरंग येतो 38 हर्ट्झच्या आसपास, रुंदीमुळे 57, उंचीमुळे 60. शेवटचे दोन आकडे नीट बघा. ते एकमेकांना इतके चिकटलेले आहेत की 57 ते 60 हर्ट्झमधला कुठलाही स्वर या खोलीत दुप्पट जोमाने घुमेल आणि मूळ स्वर थांबला तरी क्षणभर रेंगाळेल. गाण्यातला बेस गिटार चार वेगवेगळे स्वर वाजवत असतो, आपल्याला मात्र एकच ‘ढूम’ ऐकू येतो, तो यामुळे. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असलेल्या खोल्या आपल्याकडे सर्रास आहेत. ध्वनीच्या दृष्टीने लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असलेली खोली तर सगळ्यात वाईट.

सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असेल, तर तिथे लांबीचे सगळे स्थिर तरंग एकदम भरात असतात. तो भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला तरी बेस हलका होतो. बरोबर मध्यावर आणला तर 38 हर्ट्झ गायबच होतो, तेव्हा तेही नको. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर खोलीचा प्रत्येक स्थिर तरंग जागवतो, म्हणून तिथे आवाज सर्वांत मोठा आणि सर्वांत ओबडधोबड. दुकानात ‘दणका’ दाखवण्यासाठी कोपरा उत्तम.

मग जागा शोधायची कशी? भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1860 मध्ये ध्वनीचा एक नियम दाखवला होता: ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला परिणाम तोच राहतो. त्याचा घरगुती वापर फार मजेशीर आहे. सबवूफर उचलून सरळ सोफ्यावर, नेहमी बसता त्या जागी ठेवा. बेसचे चढते-उतरते स्वर असलेलं एखादं संथ गाणं सुरू करा. मग स्वतः गुडघ्यांवर या आणि कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून भिंतींच्या कडेने रांगत चला. दोन-दोन फुटांवर थांबा. एका ठिकाणी नुसतं घुमणं ऐकू येईल, हातभर पुढे गेलात की बेस आटून जाईल, आणि कुठेतरी सगळे स्वर सारख्या वजनाने, सुटे सुटे ऐकू येतील. सबवूफरची जागा ती. घरचे हसतील, हसू द्या.

जागा ठरली की मागची बटणं. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफर आणि बाकीचे स्पीकर यांच्यात आवाज विभागणारी सीमा, 80 च्या आसपास ठेवला तर सबवूफर बाजूला असूनही आवाज पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. ही विभागणी रिसीव्हर करत असेल, तर सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण वरच्या टोकापर्यंत फिरवून ठेवायचं, नाहीतर आवाज दोनदा चाळला जातो. फेजचं बटण 0 आणि 180 दोन्हीकडे करून पाहा. सोफ्यावर बेस जिथे जास्त भरदार, ते बरोबर. व्हॉल्यूम शेवटी, आणि मनाला वाटतो त्याहून थोडा कमीच.

इक्वलायझरवर फार भिस्त नको. घुमणारा स्वर तो दाबू शकतो. पण जिथे लाटा एकमेकींना खोडून काढतात, तिथे वाढवलेली ताकदही तशीच खोडली जाते आणि ॲम्प्लिफायर फुकट तापतो. भिंतीवर चिकटवायचा दोन इंची फोमही इथे निरुपयोगी. पैसे खर्च करायचेच असतील, तर एका मोठ्याऐवजी दोन लहान सबवूफर घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये अशा अनेक मांडण्या तपासल्या होत्या आणि ही जोडी त्यांत चांगली ठरली. दोघे मिळून त्या दोन भिंतींमधला पहिला स्थिर तरंग उठूच देत नाहीत.

परदेशी सल्ले वाचताना एक लक्षात ठेवावं. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर पातळ बोर्ड ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती थोड्या थरथरतात आणि बेस काही प्रमाणात पिऊन टाकतात. आपल्या वीट-काँक्रीटच्या भिंती तो जवळपास जसाच्या तसा परत फेकतात. म्हणून आपल्याकडे घुमणं जास्त आणि जागेची निवड अधिक महत्त्वाची.

राहिले खालच्या मजल्यावरचे शेजारी. सबवूफरखाली जाड रबर ठेवलं तर स्लॅबमध्ये थेट उतरणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि ती ‘ए’ वजनाच्या मोजणीत सांगितली आहे. हे वजन 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरतं. म्हणजे 70 डेसिबलची घरघर मीटरवर 40 दिसते आणि कागदावर सगळं ठीक असतं. त्यामुळे मोबाइलमधल्या ॲपचा आकडा शेजाऱ्यांना दाखवू नका. रात्री दहा वाजले की सबवूफरचा स्विच बंद करा. संवाद त्याच्याशिवायही नीट ऐकू येतात.